हिरव्या पाटीचा आकडा

गिरिजानं सळई दुधातून काढली, फडक्याला पुसली आणि परत त्याच कॅनमध्ये बुडवली. सळईला तारेनं जोडलेल्या, टेबलावरच्या हिरव्या पाटीवर तांबडा दिवा लुकलुकला. त्या पाटीला ना झाकण होतं ना पेटी. उघड्यावर बारीक तारा, डाळीएवढे काळे तुकडे आणि एका कडेला पिवळी चिकटपट्टी, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. इवल्या काचेवरचा आकडा हलत हलत थांबला. गिरिजानं तो वाचला, कॅनच्या गळ्यातला बिल्ला पाहिला आणि सरस्वतीबाईंकडे बघितलं.

बिल्ला सरस्वतीबाईंच्या घरचा होता.

"काय म्हनती तुझी पाटी?"

"पाणी दाखवतेय, आजी. थोडंच आहे, पण आहे." गिरिजाचा आवाज खाली आला. "काल पण दाखवलं होतं. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

दाराबाहेर ओट्यावर रिकामे कॅन घेऊन बसलेल्या बायांचा गलका चालू होता. सरस्वतीबाईंनी दार हळूच लोटून घेतलं.

"आन मंजुळाचं?"

"त्यात पाण्याचा थेंब नाही."

सरस्वतीबाई बाकड्यावर बसल्या. घाटनांदूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात बायांची दूधसंस्था उभी राहिली, तेव्हापासून त्या तिच्या अध्यक्ष होत्या. आधी तर ही खोलीसुद्धा नव्हती. लिंबाखाली चरव्या मांडून दूध मोजायचं, आणि पारावरचे गडी हसायचे, बायांनी भातुकली मांडली म्हणून. त्या हसण्यावर उतारा म्हणून सरस्वतीबाईंनी एक नियम घातला होता. ज्या बाईच्या दुधाला लागोपाठ तीनदा दाटपणाची डिग्री लागली नाही, तिनं पाणी घातलं असं धरायचं आणि तिचं नाव संस्थेतून काढायचं. पहिल्याच वर्षी त्यांच्या सख्ख्या जावेचं नाव गेलं. जाऊ पुढं मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, पण या गावच्या दुधाला तालुक्यात कुणी नाव ठेवलं नाही.

आज मंजुळाबाईची तिसरी खेप होती. संस्थेच्या सरकारी शिक्का मारलेल्या मशीननं तिचं दूध सकाळीच परत केलं होतं.

मंजुळा दरसाल दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. थोरली पोरगी दहावीला आली म्हणून यंदा पहिल्यांदाच ती मुकादमाला नाही म्हणाली आणि एका म्हशीच्या जिवावर गावात राहिली. आता संस्थेनं नाव काढलं तर पाणी घालणारी म्हणून तिचं दूध गावात दुसरंही कुणी घेणार नव्हतं. मग उरलेल्या हंगामाला टोळी गाठायची, आणि पोरीला कुणाच्या दारात ठेवायचं हे बघायचं.

"ही पाटी कमिटीपुढं ठिवू," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तिचं दूध चोख हाय म्हनून तू सांग."

गिरिजा घाटनांदूरच्या किराणावाल्या अण्णारावांची लेक. पुण्यात एका लहानशा कंपनीत होती. खेड्यातल्या संस्थांना परवडेल असं दूध तपासायचं यंत्र तिथं घडत होतं, आणि ही उघडी पाटी म्हणजे त्या यंत्राचा कच्चा खर्डा. आली त्या दिवशीच तिनं सगळ्या बायांना बसवून पिवळ्या पट्टीवरचं इंग्रजी मराठीत सांगितलं होतं. ही वस्तू फक्त चाचणीसाठी आहे, तयार माल नाही. शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. ही विकता यायची नाही, कुणाला वापरायला ठेवून जाता यायचं नाही, चाचणी संपली की परत न्यायची. शेजारच्या यंत्राच्या कामात ही अडथळा आणते की नाही, तेही अजून कुणी तपासलेलं नाही, म्हणून संस्थेचं मशीन बंद झाल्याशिवाय ती आपली बॅटरी जोडत नसे. आणि शिक्का मिळेपर्यंत हिच्या आकड्यावर कुणाचं दूध घ्यायचं नाही, कुणाचं परत करायचं नाही.

आता तिनं सळई पुसून डबीत ठेवली.

"आजी, ते मला करता येणार नाही."

"खरं सांगाया कावून येत न्हाई?"

"खरं आहे की नाही तेच अजून ठरलेलं नाही. परवा ऊन दूध होतं तर हिनं भलताच आकडा दिला, तुम्हीच बघितलं. आज आकडा आपल्या मनासारखा आला म्हणून कमिटीपुढं ठेवला आणि उद्या हिच्याच चुकीनं एखादीचं नाव गेलं, तर कुणाला धरायचं? म्हणून तर नियम आहे." तिची नजर सरस्वतीबाईंच्या कॅनकडे गेली. "आणि ठेवायचा तर मग सगळेच आकडे ठेवावे लागतील."

सरस्वतीबाईंनी मान हलवली. नियम त्यांना कळत होता, कारण नियम धरून बसल्यावर माणसाला काय काय सोडावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. पण आज त्याच नियमाच्या आडोशाला त्यांचं घरही झाकलं जात होतं. पाटीचा आकडा धरायचा नाही म्हटलं की मंजुळा जाते, आणि त्यांचा कॅन मात्र रोजच्यासारखा गाडीत चढतो. शिक्क्याच्या मशीननं त्यांचं दूध एकदाही परत केलं नव्हतं.

त्यांना सून आठवली. वैजयंता पहाटे एकटीच जनावरांच्या दुष्काळी छावणीत जायची, धारा काढून कॅन परस्पर संस्थेत द्यायची. कष्टाळू बाई, तोंडाला तोंड देणारी नव्हे. पण न बोलणारं माणूस काय करील याचा नेम नाही, असं आता सरस्वतीबाईंना वाटू लागलं.

थोड्या वेळानं लिंबाखाली कमिटी बसली. सचिव रामकिसननं मशीनचे तीन दिवसांचे आकडे वाचून दाखवले. मंजुळा खोडाला टेकून उभी होती. छबुबाई कमिटीवर होत्या, आणि त्यांच्या जिभेला सुट्टी कधीच नसायची.

"म्हशीनं टँकरच पिला असंल," त्या म्हणाल्या. बाया हसल्या.

"टँकर प्यायला घावला असता तर माझी म्हस अशी दिसली असती का?" मंजुळा म्हणाली. "हंडाभर पानी मिळतंय घरात. ते दुधात वतू का पोरीला देऊ?"

हसू थांबलं. रामकिसननं सरस्वतीबाईंकडे पाहिलं. शेवटचा शब्द त्यांचा असायचा. गिरिजा थोडी बाजूला उभी होती, दोन्ही हात पाठीमागं बांधून.

"मशीन काय सांगतंय ते आइकलं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मशीन नव्हतं तवा आपून काय करीत हुतो? गोठ्यात जाऊन समोर धार काढाया लावत हुतो. आजबी तसंच करू. सांजच्या धारेला समदे छावणीत या."

छावणी गावाबाहेरच्या पडक्या माळावर होती. बांबूंवर हिरवं कापड ताणलेलं, त्याखाली दावणीला दावण लागलेली. माजलगावकडून उसाच्या वाढ्यांचा ट्रक नुकताच येऊन गेला होता आणि जनावरं ती कोरडी पाती करकर चावत होती. बाया आल्या, कमिटी आली. छबुबाईंनी चरवी उलटी करून दाखवली, आत पदर फिरवून कोरडी केली आणि मंजुळाच्या हातात दिली.

मंजुळाची म्हैस एकटी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मंजुळानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्याशी काही पुटपुटली आणि बसली. फार धार निघाली नाही. रामकिसननं ते दूध निवू दिलं, मग उंच भांड्यात ओतून डिग्री बघायची काचेची नळी आत सोडली. नळी खोल बुडाली. त्यानं वाकून पाहिलं, परत पाहिलं.

"तीच डिग्री," तो म्हणाला. "सकाळी हुती तीच."

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघालेलं दूध होतं. छबुबाई म्हशीच्या पुढ्यातल्या वाढ्यांकडे बघत राहिल्या.

"कडबा न्हाई, पेंड न्हाई. मंग दुधाला अंग कुठनं येनार," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात माफी मागायची रीत नव्हती, पण त्यांनी रिकामी चरवी स्वतः उचलून मंजुळाच्या हातात दिली.

रामकिसननं मंजुळाचं नाव राहिलं असं जाहीर केलं. बाया उठू लागल्या, तेव्हा सरस्वतीबाई म्हणाल्या,

"बसा. आता माझ्या म्हशी."

"अक्का, तुमच्या दुधाला रोज डिग्री लागती. कावून उगंच?" रामकिसन म्हणाला.

"लागती ना. तरीबी बघू."

गिरिजा जवळ आली. "आजी, त्या आकड्याला अजून किंमत नाही," ती हळू म्हणाली. "तुमच्याकडे कुणी मागितलंय का?"

"न्हाई मागितलं," असं म्हणून त्या पुढं चालू लागल्या.

त्यांच्या दोन म्हशी दावणीच्या टोकाला होत्या. घरच्या कडब्याची गंज अजून संपलेली नव्हती, सरकीची पेंडही होती. दुधाला अंग होतं ते त्यामुळं, आणि थोडं पाणी पडलं तरी मशीनवर डिग्री लागायची तीही त्यामुळंच. सकाळपासून सरस्वतीबाईंनी सुनेला एक शब्द सांगितला नव्हता. मुद्दामच. तिला सावध करायचं नव्हतं. काय विचारायचं, कसं विचारायचं, हे त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं. जावेला विचारलं होतं तसंच, सगळ्यांसमोर.

एवढ्या बाया बघून वैजयंता गांगरली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाली बसली. पहिल्या म्हशीची धार जोरकस होती. चरवीत फेस चढला. तिनं दूध कॅनमध्ये ओतलं, शेजारचा तांब्या घेतला आणि चरवीत घोटभर पाणी घातलं.

सरस्वतीबाईंच्या तोंडापर्यंत आलेला शब्द तिथंच राहिला.

वैजयंतानं चरवी गोल फिरवली. काठाला चिकटलेला फेस पाण्यात उतरला. ती फिरवण्याची लकब, मनगट असं आत वळवून शेवटचा थेंबसुद्धा गोळा करण्याची, त्या ओळखत होत्या. बहात्तर साली खडी फोडायच्या कामावर त्या नव्या नवरी होत्या. दिवसाला एक घागर मिळायची. भांडं विसळलेलं पाणी फेकलं तर सासू हात धरायची. ते पांढुरकं पाणी पोरांच्या वाटीत जायचं आणि पोरं दूध म्हणून प्यायची. पुढं वैजयंता लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला गोठ्यात नेऊन शिकवलं होतं, दुधाचा हात वाया घालवायचा नाही, चरवी विसळून त्यातच घालायची. तेव्हा घरचंच दूध होतं, घरीच खपत होतं. पुढं ते संस्थेत जाऊ लागलं, तेव्हा शिकवलेलं मागं घ्यायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

वैजयंताची चरवी कॅनकडे वळली. एक हाक मारली असती तर हात थांबला असता. नुसतं खाकरलं असतं तरी थांबला असता. सरस्वतीबाईंनी ओठ मिटून घेतले.

पाणी कॅनमध्ये पडलं. एवढ्या माणसांत तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. छबुबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"वहिनी," रामकिसन चाचरत म्हणाला, "हे काय केलं तुमी?"

वैजयंताला प्रश्नच कळला नाही. तिनं चरवीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि मग सासूकडे.

"रोजचंच हाय की. आत्या, चुकलं का काई?"

"तुझं न्हाई," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मीच शिकवलंय तिला, रामकिसन. आमचा कॅन उद्यापास्नं गाडीत चढवू नको. कमिटी बसवा आन काय ते ठरवा. मी त्या बैठकीत नसंन."

मंजुळा पाठीमागं उभी होती. ती पुढं आली, तिनं वैजयंताजवळचा तांब्या उचलून बाजूला सरकवला आणि दुसऱ्या म्हशीचं पारडू सोडलं.

"धार राह्यलीय," ती वैजयंताला म्हणाली. "म्हस खोळंबलीय, बस."

वैजयंता बसली. म्हैस सवयीची होती. चरवी भरली, दूध कॅनमध्ये गेलं. सवयीनं तिनं तांब्याकडे हात नेला, घोटभर पाणी घातलं, चरवी गोल फिरवली आणि मग मध्येच थांबली. चरवीच्या तळाशी पांढुरकं पाणी हलत होतं. ते कॅनमध्ये घालायचं नव्हतं एवढं तिला कळलं होतं, आणि जमिनीवर ओतायला हात होत नव्हता.

सरस्वतीबाईंनी तिच्या हातातली चरवी घेतली, म्हशीच्या पुढ्यातल्या घमेल्यात ते पाणी ओतलं आणि चरवी उपडी करून थोपटली. म्हशीनं मान खाली घातली.