सात मऊ, सात कडक

आमच्या गावात बायका केकवरून ओळखल्या जातात. बोथिल्डे म्हणजे लिंबाचा रोल. चर्चपलीकडची आने-मारी म्हणजे मधाचा केक. माझी सासू मेता म्हणजे काळ्या पावाचा केक. आणि मी, इल्दिको, मूळची हंगेरीतल्या सेगेदची, या गावात अठरा वर्षं नांदलेली, म्हणजे कॉफी. किटली घेऊन लोकांच्या पाठीमागून फिरायचं, कप भरायचे, आणि कुणी वर न बघता म्हटलेलं 'थँक्यू' ऐकायचं. झालं माझं काम.

दर शरदात गावच्या हॉलमध्ये कॉफीचं टेबल मांडतात. सात मऊ केक, सात कडक, बिस्किटासारखे. आधी मऊ, मग कडक, आणि चौदाच्या चौदा चाखायचे. एखादा सोडलात तर तो करणारी बाई काही बोलत नाही. नुसती लक्षात ठेवते, आणि मुलीलाही सांगून ठेवते. प्रत्येक केकवर एकीचा हक्क असतो आणि हात चालतात तोवर तो तिचाच. दुसरीनं तो करून हॉलमध्ये आणणं म्हणजे तिच्या नवऱ्याचा हात धरून बाजारातून फिरणं.

आता माझा वैताग समजून घ्या. माझी आई सहा थरांचा केक करायची, वर कॅरॅमलचा काचेसारखा पापुद्रा. तो मी डोळे मिटून करते. आणि पडले कुठे, तर या माणसांत. सकाळी काळा पाव. दुपारच्या डब्यात काळा पाव, त्यावर कलेजीचं वाटण, वर बिटाची चकती. पाव असा की त्यानं भिंतीत खिळा ठोकावा. तोंडात टाकायला ज्येष्ठमधाच्या गोळ्या, त्याही खारट. गोळी खारट करायची बुद्धी कुणाला झाली असेल, याचा मी अजून विचार करते. संध्याकाळी साडेपाचला जेवण, साडेसहाला भांडी पुसून कपाटात. पुढे झोपेपर्यंत माणसानं काय करायचं?

पहिल्या हिवाळ्यात मी हौसेनं शेजाऱ्यांना बोलावून सेगेदचं माशाचं लालभडक सूप केलं. सगळ्यांच्या कपाळावर घाम आला. सगळे म्हणाले, "वेगळंच आहे." मी खूश. 'वेगळंच आहे' म्हणजे 'कृपा करून पुन्हा करू नकोस', आणि 'वाईट नाही' म्हणजे 'स्वर्ग', हे मला नवऱ्यानं, आस्मुसनं, काही वर्षांनी सांगितलं. तोवर मी ते सूप दर हिवाळ्यात केलं होतं.

आणि आग्रह नावाची गोष्ट यांच्या रक्तातच नाही. लग्न होऊन नुकती आले होते तेव्हा मेतानं जेवायला बोलावलं. परतलेलं डुकराचं मांस, बटाटे, कोथिंबिरीसारख्या कुठल्याशा पाल्याचा पांढरा सॉस. ताट रिकामं झालं तसं तिनं विचारलं, "आणखी?" मी रीतीप्रमाणे म्हटलं, नको नको, पुष्कळ झालं. माझ्या आईच्या घरी हे वाक्य म्हणजे नुसती सुरुवात. त्यानंतर आई 'असं कसं, घासभर तरी' म्हणणार, मी मान हलवणार, तिसऱ्या खेपेला ताट पुढं करणार. मेतानं भांड्यावर झाकण ठेवलं आणि भांडं फ्रिजमध्ये गेलं. पोटात कावळे ओरडत मी घरी आले, तर आस्मुस म्हणतो, "तू नको म्हणालीस ना."

जेवणाच्या बाबतीत मी तेव्हाच शहाणी झाले. पहिल्या हाकेला ताट पुढं. सासूला एकेरी नावानं हाक मारायलाही शिकले, जरी आधी जीभ अडखळायची. इथे सगळेच सगळ्यांना 'अगं-अरे'. फक्त केकचं काही जमलं नाही. दर शरदात बोथिल्डे, जी हॉलचं सगळं बघते, ती यायची आणि म्हणायची, "तू कॉफी बघशीलच." आणि मी बघायचे.

या उन्हाळ्यात मेता सायकलवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. एक्याऐंशीव्या वर्षी सायकल कशाला हवी, हे मी तिला दहादा विचारलं होतं. मनगट धड जुळलं नाही. केकवरची साय फेटणं संपलं. त्यात ख्रिसमसनंतर वृद्धाश्रमात राहायला जायचं तिनं ठरवलं, आम्हाला न विचारता, आणि आस्मुसला सांगितलं ते खोलीला खिडकी कुठल्या दिशेला आहे एवढंच.

म्हणजे काळ्या पावाचा केक मोकळा झाला. सासूचं सुनेकडे येतं, एवढी रीत तर इथेही असेल, असं धरून मी वाट बघू लागले.

खरं सांगते, मला तो केक हवा होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात हसले होते. शिळा काळा पाव किसायचा, त्यात हेझलनटचा कूट आणि अंडी, मधे करवंदासारख्या आंबट काळ्या बेरीचा जॅम, वर फेटलेल्या सायीचा डोंगर. म्हटलं, घरात पीठ नसेल तर तसं सांगा, त्याला केक कशाला म्हणता? मग खाल्ला आणि गप्प झाले. पावाचा तो जरासा कडवटपणा, मग आंबट, मग गार साय. या देशानं मला दिलेलं सगळ्यांत चांगलं काही असेल तर तो घास. पण हे मी कुणापाशी बोलले नाही. सगळी वर्षं काळ्या पावाला नावं ठेवण्यात गेली, आता कुठल्या तोंडानं बोलणार? पण तो केक मला मिळाला असता तर टेबलावर माझं म्हणून काहीतरी असतं. मी गेल्यावर 'इल्दिको म्हणजे कॉफी' एवढंच उरायला नको होतं.

सप्टेंबरात बोथिल्डे आली. खुर्चीत बसली, कॉफी घेतली, हवेबद्दल बोलली, मग पुन्हा हवेबद्दल बोलली. निघताना म्हणाली, मेताचा केक यंदा सिग्ने करणार आहे. सिग्ने म्हणजे बोथिल्डेची भाची. आरहूस शहरातून गावात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. "आणि तू कॉफी बघशीलच," बोथिल्डे म्हणाली.

इतक्या वर्षांत मी या गावात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, मी काय पाप केलंय? मी परकी म्हणून? माझ्या हातचं खायला तुम्हाला भीती वाटते? इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी कुणी मला विचारलंत का?

बोथिल्डे दारात उभी, टोपी हातात. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खरोखरच चकित झाली होती.

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "तू आलीस त्याच शरदात, दुकानापुढं. मी म्हटलं, तू एखादा केक आणशील का? तू म्हणालीस, नको."

मला काही आठवेना. मग हळूहळू आठवलं. ते दुकान, तो वारा, माझ्या हातातल्या पिशव्या. मी म्हणाले होते, छे हो, तुमच्यासारखं मला कुठलं जमायला. आणि हसून थांबले होते. ती पुढचं विचारील म्हणून थांबले होते. ती बरं म्हणून सायकलवर बसून गेली होती.

"अगं, मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"तू नको म्हणालीस. माणसाला छळायचं नसतं."

डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं, माझं नाही, तिचं. एक 'नको', तोही खोटा, आणि त्यावर या बाईनं मला अर्धा जन्म किटली धरायला लावलं. आणि वर तिची समजूत अशी की ती माझा मान राखत होती. आस्मुसला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला वाटायचं मला हॉलसाठी केक करायचा कंटाळा आहे. मी म्हटलं, मला विचारलंस का कधी? नाही, म्हणाला, बोथिल्डेनं विचारलं होतं ना.

मी तशीच मेताकडे गेले. ती डाव्या हातानं बटाटे सोलायचा प्रयत्न करत होती. मदतीला हात पुढं केला तर तिनं बटाटा बाजूला घेतला. मी विचारलं, बोथिल्डेला मी नको म्हटलेलं तुला माहीत होतं?

"होतं," ती म्हणाली. "शिवाय तुला आमचा पाव आवडत नाही."

"केक आवडत नाही असं कधी म्हटलं मी?"

"आवडतो असंही कधी म्हणाली नाहीस."

तिनं बटाटा पाण्यात सोडला आणि म्हणाली, सिग्नेला आता शब्द दिलाय. मी दार आपटून बाहेर पडले. इथे कुणी दार आपटत नाही. शेजारचा पडदा हललेला दिसला.

शरदाच्या कार्यक्रमाला हॉल भरला. मी किटली घेऊन फिरत होते आणि मनात म्हणत होते, सिग्नेची साय फाटू दे, पाव ओला राहू दे, जॅम खाली ओघळू दे. तसलं काही झालं नाही. मुलीनं नीट केला होता. उंच, सरळ, वर किसलेलं चॉकलेट. मला त्याचाच अधिक संताप आला. वाईट केला असता तर निदान कीव तरी करता आली असती.

मेता टेबलाच्या मधोमध बसली होती, वाकडं मनगट मांडीवर ठेवून. एकेक मऊ केक खात ती सिग्नेच्या केकपाशी आली. बायकांचं बोलणं बारीक झालं. तिनं एक घास खाल्ला, मग दुसरा, मग बशीतला सगळा संपवला. "वाईट नाही," ती म्हणाली. सिग्नेचे गाल लाल झाले. बोथिल्डेनं श्वास सोडला. मी पुढच्या माणसाचा कप भरला आणि थोडी कॉफी बशीत सांडली.

मग मेता मला म्हणाली, सगळ्यांच्या देखत, "इल्दिको, पुढच्या वर्षी माझा केक तू करशील?"

मी किटली घेऊन तिच्यामागे उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते, सिग्नेसुद्धा, बिचारी. मला काय झालं सांगते. राग आला. इतकी वर्षं कुठे होतीस? आता दुसरीला देऊन झाल्यावर, तिचा संपवून झाल्यावर, उरलंसुरलं मला? हा 'नको' रीतीचा नव्हता, आईच्या घरचा नव्हता. हा खरा होता.

"नको," मी म्हणाले. "सिग्ने चांगला करते."

झालं. टेबलभर सुटकेचा सुस्कारा गेला. आने-मारीनं दूध मागितलं, कुणीतरी बिटाच्या पिकाचं काढलं, आस्मुस कडक केकांकडे वळला. एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं, विषय मिटला. हॉलमधल्या प्रत्येक माणसाच्या दृष्टीनं मिटला. मी किटली भरायला स्वयंपाकघराकडे निघाले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, स्वतःच्याच रागानं.

"इल्दिको."

मी वळले. मेतानं काटा खाली ठेवला होता. तिची नजर बशीवर होती. कान लाल झाले होते, मानेपर्यंत. आयुष्यात या बाईनं कुणाला काही दोनदा विचारलं नव्हतं. नवरा दवाखान्यात होता तेव्हा डॉक्टरलाही नाही, असं आस्मुस सांगतो.

"करशील का?" ती म्हणाली.

हॉल असा गप्प झाला जसं काही तिनं भर टेबलाशी अंगावरचे कपडे काढले. बोथिल्डे टेबलक्लॉथकडे बघू लागली. कुणीतरी खोकलं. मेता तशीच बसून होती, त्या सगळ्यांच्या मधे, डावा हात उजव्या मनगटावर. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. एवढंच कळलं, की माझ्या आईच्या घरी होकार तिसऱ्या खेपेला देतात आणि ही म्हातारी माझ्यासाठी तिसऱ्या खेपेलाही विचारील. मरेल, पण विचारील.

"करते," मी म्हणाले, तिनं तोंड उघडायच्या आत.