सुट्टीला आलेली ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, पत्र्याची ट्रंक आहे आणि मला एका जागी बसवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गोष्ट ऐकताना तुम्ही मला चुळबुळी म्हणणार नाही. म्हणालात तरी माझी हरकत नाही, कारण ते खरंच आहे.

माझा जन्म साताऱ्याच्या बाजारात, एका पत्र्याचं काम करणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने मला कापलं, ठोकलं, कोपऱ्यांना पट्ट्या मारल्या आणि काळा रंग दिला. रंग अंगावर वाळतो न वाळतो तोच वडूजकडच्या एका खेड्यातून मानसिंग आला. नुकताच फौजेत भरती झालेला, मिसरूडही धड न फुटलेला पोरगा. त्याने शेजारच्या पेंटरकडून माझ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव लिहून घेतलं. नाव अंगावर पडलं आणि मला कधी एकदा निघते असं झालं.

मग मी निघाले ती निघालेच. जोधपूरची वाळू माझ्या बिजागऱ्यांत शिरली, आसामच्या पावसाने माझ्या बुडाला गंज आणला, काश्मीरच्या थंडीत माझं कुलूप उघडता उघडेना. रेल्वेच्या बाकाखाली माझ्यावर किती जणांनी पाय ठेवले, त्याची गणतीच नाही. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. तपासणीच्या दिवशी साहेब माझं झाकण उघडायचे, आतल्या घड्या पाहायचे आणि मानसिंगला शाबासकी द्यायचे. त्या शाबासकीतला अर्धा वाटा माझा, असं मी समजत असे. लष्करात सामान कधीही बांधायला तयार असावं लागतं. ती सवय मानसिंगच्या हाडात मुरली आणि माझ्या पत्र्यात.

वर्षातून एकदा आम्ही सुट्टीला गावी यायचो. त्या दिवसांत घरात सण असायचा. मानसिंगची बायको मंगल दारातच आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची. मग आज मटण, उद्या पुरणपोळी, परवा शेवयांची खीर. मानसिंगला जेवायला कडांचं मोठं ताट, बसायला नवीन सतरंजी. त्याने पाण्याचा हंडा उचलायला हात घातला की मंगल म्हणायची, “र्‍हाऊ द्या, तुमी बसा.” मुलगी शिवांजली वडिलांकडे दाराआडून बघायची. ती जरा सलगीला यायला लागे तोवर सुट्टी संपायची. मंगल माझ्यात शेंगदाण्याची चटणी आणि लाडूंचे डबे भरायची, मानसिंगच्या हातावर दही घालायची आणि आम्ही निघायचो. मी तर सुट्टी संपायचीच वाट बघत असायचे.

आणि मग मानसिंग निवृत्त झाला. गावाने हलगी वाजवत, उघड्या जीपमधून आमची मिरवणूक काढली. माझ्याही गळ्यात, म्हणजे कडीत, कोणीतरी झेंडूची माळ अडकवली. मला वाटलं, ही एक मोठी सुट्टी आहे, आणि मित्रांनो, मानसिंगलाही तसंच वाटलं असावं. कारण त्याने मला रिकामं केलंच नाही. घरात खुंट्या होत्या, फळी होती, भिंतीतलं कपाट होतं. पण तो सकाळी माझ्यातून कपडे काढायचा, धुऊन वाळले की घडी घालून परत माझ्यातच ठेवायचा आणि कुलूप लावायचा.

मंगलही तिच्या जागी तशीच. रोज काहीतरी गोडधोड, रोज ते कडांचं ताट, रोज “तुमी बसा.” मानसिंग बसून तरी किती बसणार? त्याने अंगणाच्या कडेने दगड मांडले आणि त्यांना एकाआड एक चुना आणि गेरू लावला. तुळशीच्या कट्ट्यालाही लावला. मग गोठ्यापर्यंत दगड मांडले. म्हैस त्या दगडांवरून शेण टाकत गेली तेव्हा तो तिच्याकडे असा बघत राहिला, की ती फौजेत असती तर तिचं काही खरं नव्हतं. रंगवायला काही उरलं नाही तेव्हा तो बूट घासून ओट्यावर बसू लागला. एसटीचा हॉर्न वाजला की त्याचा पाय हलायचा. खाटेखाली माझी कडी आपोआप खुळखुळायची.

संध्याकाळी मागच्या दारी मायलेकी हसायच्या. काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं नाही. मानसिंग उठून तिकडे जायचा, की दोघी गप्प व्हायच्या. शिवांजली पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, पण वडील दिसले की ओढणी सारखी करून उभी राहायची. मंगल विचारायची, “काय पायजे का?” त्याला काहीच नको असायचं. तो परत ओट्यावर यायचा. पुढे पुढे त्याने तिकडे जायचंही सोडलं.

एक दिवस त्याने जेवताना सांगितलं, की पुण्याला एका मोठ्या सोसायटीत सुरक्षारक्षकांवर देखरेखीचं काम आहे, जुन्या मित्राने बोलावलंय, राहायची सोयही तिथेच आहे. मंगलने वाढायचा हात थांबवला नाही. जावा म्हणाली नाही, जाऊ नका म्हणाली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून शेंगदाणे भाजायला लागली. तिला वाटत होतं, घरात याचं मन रमत नाही. त्याला वाटत होतं, आपल्याशिवायच हे घर नीट चालतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला काय त्याचं? माझं बूड नाचत होतं.

शिवांजलीने चाकाची बॅग घ्या म्हणून सुचवलं. मानसिंग नको म्हणाला. चाकाच्या बॅगांबद्दल माझं मत काय आहे, ते इथे सांगत नाही.

निघायच्या सकाळी मंगलने त्याच्या हातावर दही घातलं. तो “येतो” म्हणाला आणि मला खांद्यावर घेऊन फाट्यावर आला. लिंबाखाली आम्ही थांबलो. ऊन चढत गेलं, रस्त्यावर धूळ उठत राहिली, पण एसटी येईना. अखेर गावातला शंभूराज मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, गाडी अलीकडच्या गावात बंद पडलीय, आता दुपारनंतरचीच बघा. मानसिंग थोडा वेळ घुटमळला. मग त्याने मला उचललं आणि घराकडे वळला. मला इतका संताप आला, की वाटभर माझी कडी त्याच्या कानाशी खडखडत होती.

पुढचं दार बंद होतं, म्हणून तो मागून गेला.

मागच्या दारी मायलेकी जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मंगलचे केस सुटलेले होते. दोघींच्या मध्ये काळं पातेलं होतं, त्यात हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. लसणाचा वास सुटला होता. शिळी भाकरी त्यात चुरून दोघी एकाच पातेल्यातून खात होत्या. मंगल रडली होती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, आणि तरी शिवांजलीच्या कसल्याशा नकलेवर तिला हसू येत होतं. मानसिंगला बघताच दोघी धडपडून उठल्या. मंगलने पातेलं पदराआड घेतलं.

“काय हाय त्यात?” मानसिंगने विचारलं.

“काय न्हाई. माडगं हाय. तुमी बसा, मी शिरा टाकते.”

“हे तुमी रोज खाता?”

“सांच्याला खातो की,” शिवांजली हळूच म्हणाली.

“मग मला कवा दिलं न्हाई ते?”

मंगल गोंधळली. तिच्या तोंडून निघून गेलं, “आवं, हे कोण पावण्याला देतंय व्हय?”

मित्रांनो, आयुष्यभर मी आदळआपट सोसली आहे, पण मानसिंगने मला तेव्हा जसं खाली टेकवलं तसं कोणीच टेकवलं नव्हतं. अगदी हळू. तो म्हणाला, “मी पावना हाय, मंगल?”

मंगल माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे असं कोणी कधी पाहिलं नाही. ती म्हणाली, “वरीस झालं, ही ट्रंक तुमी रिकामी केली न्हाई. ज्याची ट्रंक भरल्याली, त्यो आज हाय, उद्या न्हाई. त्याला शिळं कसं वाढू मी?”

मानसिंग पायातले बूट काढून तिथेच मातीत बसला आणि त्याने हात पुढे केला. मंगलने पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने त्यातच भाकरी चुरली आणि माडगं ओरपलं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी थांबला नाही. लसणानेच आलं असेल, असं मी धरून चालते. मग शिवांजली त्याला टेकून बसली आणि मघाची नक्कल तिने पुन्हा केली. ती एसटीची वाट बघणाऱ्या वडिलांचीच होती. मानसिंग एवढा मोठ्याने हसला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

त्या दुपारी त्याने मित्राला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि मला उघडलं. कपडे खुंट्यांवर गेले, बूट दाराशी, डबे चुलीमागच्या फळीवर. शेवटी माझ्यात हात घालून त्याने बुडाची वाळू पुसून काढली. मला खूप रिकामं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला रडावंसं वाटलं. दुपारनंतरची एसटी फाट्यावर हॉर्न वाजवून गेली आणि खाटेखाली एकटी मीच हलले.

आता माझ्यात हुलगे असतात, लिंबाचा पाला घालून. हुलग्यांना कुठेच जायचं नसतं. फार कंटाळवाणं धान्य आहे ते. माझी चुळबूळ अजून गेलेली नाही, ती जाणारही नाही. पण मला अडगळीत टाकलेलं नाही. रोज कोणीतरी झाकण उघडतं, मूठभर हुलगे काढतं, फडक्याने मला पुसतं. एवढं कोणी केलं तर पत्र्याला गंज धरत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्याही घरी कोणी लांबून परत येईल. कोणी फौजेतून, कोणी शहरातून. त्याला दोन दिवस गोडाचं वाढा, पण तिसऱ्या दिवशी तुमच्या पातेल्यात बसवा. त्याला दळण आणायला पाठवा. त्याचं सामान खुंटीवर लावा.

परवा मंगलने घर सारवलं होतं. मानसिंग शेतातून आला तो चिखलाच्या पायांनी तसाच आत शिरला. मंगल कडाडली, “डोळं फुटलं का? आताच सारवलंय न्हवं!” संसारात पहिल्यांदाच ती त्याच्यावर अशी ओरडली. मानसिंग पाय उचलून उंबऱ्यावर उभा राहिला आणि लहान पोरासारखा हसत राहिला.

पाहुण्यावर कोणी ओरडत नाही.