सपाट हवंय

डॉक्टरांनी टेबलावर सिलिकॉनचे तीन नमुने मांडले, आणि शिंपिणीच्या आधी तिच्या नवऱ्यानंच हात घातला. एक उचलून दाबला, मग दुसरा. बाजारात माणूस खरबूज बघतो ना, तस्सा.

“हा बरा वाटतोय. दुसऱ्या बाजूला जुळेल.”

“मोठा बघ रे,” नणंद म्हणाली. “करायचंच तर हात आखडता कशाला?”

शिंपीण बघत राहिली. कॅन्सरपायी तिचा उजवा स्तन काढून आठ महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत या माणसानं तिकडे एकदा डोळा वर करून बघितलं नव्हतं. ती कपडे बदलायला लागली की साहेबांना भिंतीवर काहीतरी वाचायचं असायचं. आणि आता निघालेत मापं काढायला!

“दुसरा मार्ग म्हणजे,” डॉक्टर म्हणाले, “पोटाची चरबी वर आणायची. नाहीतर पाठीचा स्नायू पुढे फिरवून घ्यायचा.”

“पोटाचंच घ्या,” नणंद खूश. “पोटही आत जाईल.”

“तुमचं घेऊ द्या ना वन्सं. भरपूर आहे.” शिंपिणीनं डॉक्टरांकडे मोहरा वळवला. “पाठीचा घेतलात तर कात्री चालेल माझी? चार थर एकदम कापते मी.”

“खांद्याची ताकद थोडी कमी होते.”

“आणि काहीच नको म्हटलं तर?”

“तसंही चालतं.” दुकानदार स्वस्तातलं कापड काढतो तशा आवाजात डॉक्टर बोलले. “पण मी मुद्दाम थोडी कातडी सैल ठेवलीय. पुढेमागे तुमचं मन बदललं तर असावी.”

म्हणजे ती मुद्दाम होती! काखेखाली लोंबणारी ती घडी रोज कात्री चालवताना घासायची, संध्याकाळपर्यंत लालबुंद व्हायची. ऑपरेशनच्या आधी तिनं दोनदा सांगितलं होतं, सपाट करा.

“गिऱ्हाइकानं तोकडी बाही सांगितली आणि मी लांब ठेवली, मन बदलेल म्हणून,” शिंपीण म्हणाली, “तर कपडा तोंडावर फेकेल माझ्या.”

डॉक्टर चष्मा पुसायला लागले.

“ती घडी काढा. सपाट हवंय मला.”

“अगं, पण लोक...” नवरा म्हणाला.

“लोकांना कशाला हवंय माझं माप?”

पडद्याआड डॉक्टरांनी तिच्या छातीवर पेनानं कापायची रेघ आखली. टोकाला ती वाकडी गेली. शिंपिणीनं रेघ पुसली, पेन आपल्या हातात घेतलं आणि हाक मारली, “अहो, आत या. आरसा धरा.”

तो आला, तोंड दाराकडे करून. आरशात छताचा पंखा दिसत होता.

“इकडे बघितल्याशिवाय कसा धरणार?”

बराच वेळ पंखाच दिसला. मग आरसा हळूहळू खाली आला. तिनं छातीवरून एका दमात रेघ ओढली, काखेपाशी थांबली आणि पेनाला टोपण लावलं.

“अजून थोडं मागे घे,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिथं घडी राहतेय.”