टोक कोणी धरायचं

माझ्या धाकट्या भावाला, शालिग्रामला, एका सुऱ्याचा फार माज होता. सुरा आमच्या आजोबांचा. हातभर लांब, एका बाजूनं धार आणि दुसऱ्या बाजूला जाड पाठ. आजोबांनी त्यानं वाघ मारला असं शालिग्राम आमच्या धनज गावभर सांगत फिरायचा. मी त्या घरात त्याच्याआधी जन्मले, नवरा गेल्यावर परत तिथंच राहायला आले, आणि त्या सुऱ्यानं टरबुजांखेरीज काही कापलेलं मी कधी पाहिलं नाही की ऐकलं नाही.

वर्षभर तो चिंध्यांत गुंडाळून कणगीमागं पडलेला असे. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं घासूनपुसून पुजायची असतात, तेव्हा तो बाहेर निघायचा, आणि तोवर पातं गंजानं पार तांबरून गेलेलं असायचं. बाप होते तोवर हे काम ओसरीत मुकाट्यानं व्हायचं. बाप सुरा पाटावर आडवा ठेवत आणि सुतळीनं पाटाला घट्ट बांधत, पाठ आपल्याकडे आणि धार पलीकडे. मग ओल्या चिंधीवर विटेची भुकटी घेऊन पाठीकडून धारेकडे, अंगापासून दूर घासत. सुरा हलायचा नाही आणि हात धारेच्या वाटेत यायचाच नाही.

बाप गेले आणि शालिग्राम कर्ता झाला. त्यानं कारंज्याच्या बाजारातून गंज घासायला काचकागद आणला आणि ओसरीतलं काम अंगणात आणलं, कारण ओसरीत बघायला कोण येणार? इंद्रभान पाटील आणि गावातले एकदोन रिकामटेकडे येऊन बसले. मी पाट आणि सुतळी आणून त्याच्यापुढं ठेवली.

"हत्यार बांदत नसतात, बाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बांदलेलं हत्यार म्हणजे हारलेलं हत्यार."

हे त्याला त्याच घटकेला सुचलं होतं. बापानं जन्मभर बांधलं, तेव्हा आपलं घर कोणाकडून हरलं होतं, असं मी विचारलं. त्यावर इंद्रभाननं मान डोलावली, पण माझ्याकडे बघून नव्हे, शालिग्रामकडे बघून. चार पुरुष एका ठिकाणी बसले की अक्कल घरी ठेवून येतात, हे मी तोवर बरंच पाहिलं होतं.

त्यानं सुऱ्याची मूठ गुडघ्याखाली दाबली आणि घासायला लागला. पातं थरथरायला लागलं. मग त्यानं बायकोला हाक मारली. तुळसाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. टोकाजवळ चिमटीत घट्ट धर, असं त्यानं सांगितलं. मी नको म्हणाले. निदान फडकं तरी घेऊ दे म्हणाले, तर फडक्यानं सुरा सटकतो म्हणे. तिनं त्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि धरलं. चारचौघांत ती नाही म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शालिग्रामनं जोर लावला तोही उलटा, धारेकडून पाठीकडे. पातं फिरलं आणि तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल शिरलं. मी हळद दाबून धरली, लुगड्याचा पदर फाडून बांधला, तरी रक्त थांबेना. आणि माझा भाऊ काय करत होता? तो सुरा उन्हात धरून बघत होता.

"रगत मांगतलं त्यानं," तो म्हणाला. "वाघाचा सुरा हाय, असाच कोरडा कसा राहीन?"

संध्याकाळपर्यंत गावात तेच झालं. सुरा जागृत आहे म्हणे. लोक दर्शनाला येऊन गेले, आणि ज्या बाईचं रक्त होतं ती आत चुलीपाशी डाव्या हातानं भाकरी थापत होती. मला त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही.

जखम भरली, पण अंगठा काही वळेना. बोंडातून कापूस उपसायला अंगठा लागतो. आमच्याकडे पहिल्या वेचणीला घरची लक्ष्मी पुढं असते. त्या वर्षी तुळसाबाई बांधावर बसून राहिली. वावरात वेचणीला तिची बरोबरी करणारी बाई नव्हती, आणि आता तिला ओटीत कापूस टाकता येत नव्हता. शालिग्रामनं त्याचाही मान करून टाकला. आमच्या घरचं रक्त देवाला चाललं, असं तो पारावर सांगायचा. रक्त त्याचं नव्हतं, एवढंच सांगायला विसरायचा.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा अंगण, पुन्हा इंद्रभान, पुन्हा काचकागद. पुन्हा हाक. तुळसाबाई बाहेर आली, हात पुसले आणि तिनं काचकागदच उचलला.

"यंदा टोक तुमी धरा," ती म्हणाली. "मी घासतो."

शालिग्रामनं सुरा उलटा केला, सुलटा केला, आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यानं घसा खाकरून सांगितलं की जुन्या हत्याराचा गंज काढायचाच नसतो, तो त्याचा मान असतो. इंद्रभाननं मान डोलावली.

तर सुरा तसाच तांबरलेला पाटावर मांडला. तुळसाबाई कुंकू लावायला वाकली, तसा शालिग्राम पूजेचा जाणता होऊन खेकसला, की देवाला कोणी डाव्या हातानं कुंकू लावतं काय.

तिनं बोट काही मागं घेतलं नाही.

"उजवा तं मांगच्याच वर्षी वाह्यला त्याले," ती म्हणाली, आणि डाव्या हातानंच कुंकू लावून आत गेली.