नऊ सेकंदांचा साक्षीदार

डॅशबोर्डवर आम्ही सहा दिवे होतो: दोन लाल, दोन हिरवे, एक निळा आणि एक पिवळा. मित्रांनो, मी त्यातला पिवळा. मी एका जुन्या डिझेल व्हॅनमधला हीटरचा दिवा आहे. माझ्या काचेवर वेटोळ्या तारेची खूण आहे. निळा केव्हाच गेला आणि एक हिरवा मनाला येईल तेव्हा लागतो. मी मात्र एकवीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. निदान लोक तरी असं म्हणत.

माझं काम आधी समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. पण थंडीत इंजिनाचं लोखंडच गारठलेलं असतं, ते बरीचशी ऊब खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला पेन्सिलीसारखा बारीक एक हीटर प्लग असतो. आमच्या गाडीत असे चार होते. चावी अर्धी फिरवली की प्लग तापू लागायचे आणि मी लागायचो. मी विझलो की चालकाने सेल्फ मारायचा, म्हणजे इंजिन फिरवायचं.

कारखान्यात एका बाईने चिमट्याने उचलून मला खोबणीत बसवलं, एकदा पेटवून पाहिलं आणि दिव्यांची पट्टी पुढे ढकलली. माझी तेवढीच परीक्षा झाली. पुढे ही व्हॅन वृद्धांच्या एका निवासाने घेतली. तिथल्या पाच जणांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला त्यांना रुग्णालयात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागे. अकराला त्याच यंत्रावर पुढचा रुग्ण येई. त्यामुळे पोचायला जितका उशीर, तितकी मिनिटं कापली जात.

चालकाला सगळे काका म्हणत. ते अंगठ्याने माझी काच पुसत आणि म्हणत, "घाई नको रे बाबा, तुझं होऊ दे." त्या पाचांतल्या एक निवृत्त शिक्षिका पुढच्या सीटवर बसत. त्यांना सगळे बाई म्हणत. त्या दर खेपेला विचारत, "काय काका, मिळाली का दिव्याची परवानगी?"

"मिळाली बाई. तुमच्या शाळेपेक्षा लवकर मिळते."

फार सुखाचे दिवस होते ते.

मागच्या हिवाळ्यात बिघडलं. मी विझल्यावर काका सेल्फ मारत. इंजिन नुसतं घुमत राही, मग पांढरा धूर ओकत, लंगडत सुरू होई. काका रात्री बोनेटवर स्वतःचं ब्लँकेट टाकून जाऊ लागले आणि पहाटे पाचलाच येऊ लागले. तरी पोचायला कधी वीस मिनिटं उशीर होई, कधी पस्तीस. बाईंच्या पायांना सूज आली. चपलेचा पट्टा त्या एकेक भोक पुढे सरकवत गेल्या आणि मग भोकं संपली.

रुग्णालयाने तक्रार केली. निवासाचे व्यवस्थापक काकांवर चढले. "उठायचं उशिरा आणि खापर फोडायचं गाडीवर!"

"साहेब, हीटर प्लग गेलेत. कुणाला तरी दाखवा."

शुक्रवारी दुपारी व्हॅन नुकतीच परतली होती. व्यवस्थापक स्वतः चालकाच्या जागेवर बसले आणि त्यांनी चावी अर्धी फिरवली. मी लागलो. नऊ सेकंदांनी विझलो. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

"दिवा लागतो, दिवा विझतो, गाडी चालू होते. आणखी काय हवं?"

"आत्ता इंजिन गरम आहे, साहेब. पहाटे पाचला येऊन बघा ना."

"म्हणजे तुमच्यासाठी आता मी झोपमोड करू?"

बाई अजून पुढच्या सीटवरच होत्या. त्या म्हणाल्या, "औषध दिल्यावर ताप मोजायचा आणि पोर आजारी नव्हतंच म्हणायचं, असं झालं हे."

"बाई, तुम्ही खोलीत जाऊन आराम करा."

काकांना त्याच दिवशी काढून टाकलं. गाडीत ठेवलेल्या आपल्या ब्लँकेटची घडी करून त्यांनी ती काखेत मारली.

मित्रांनो, आता कबूल करतो. प्लग तापले की नाही, हे मला कधीच कळत नव्हतं. बोनेटखाली एक छोटी डबी आहे. ती मला नऊ सेकंद पेटवते आणि विझवते. चारही प्लग काढून फेकून दिले असते, तरी मी तसाच लागलो असतो आणि तसाच विझलो असतो. एका खरं बोलणाऱ्या माणसाविरुद्ध मी साक्ष दिली आणि मला जे ठाऊकच नव्हतं, त्याची दिली.

सोमवारी नवा चालक आला. बाहेर तीन अंश तापमान होतं. पाचही जण आत बसले. मी लागलो, विझलो. त्याने सेल्फ मारला. सातव्या खेपेला बॅटरी बसली आणि शेजारचे दोन्ही लाल दिवे मंद होत गेले. "हे साहेबांनी बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागत होती.

दुसरी गाडी मिळेपर्यंत साडेनऊ वाजले. रुग्णालयात वाट बघून यंत्रं दुसऱ्यांना दिली गेली होती. उद्या या, असं सांगून पाचही जणांना परत पाठवलं. शुक्रवारनंतर बाईंच्या शरीरातलं पाणी बाहेर पडलंच नव्हतं. मंगळवारी सकाळी ते फुफ्फुसांत भरलं. बुधवारी व्हॅनच्या जागी भाड्याची गाडी आली, तिच्यात चौघे बसले.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्यायची म्हणजे त्याला नुसतं पुसायचं नसतं. जे बिघडलं असं कुणी सांगतं, तेच उघडून बघा आणि ते बिघडतं त्याच वेळी बघा. माझ्यासारख्या दिव्याचं ऐकण्याआधी रोज गाडीत बसणाऱ्या माणसाचं ऐका.

गुरुवारी इलेक्ट्रिशियन आला. त्याने बोनेट उघडलं, चारही प्लगांच्या वायरी सोडवल्या आणि मीटर काढलं. चांगला प्लग एक ओहमच्या आत दाखवतो, जळालेल्या प्लगमधून वीज जातच नाही, असं त्याने व्यवस्थापकांना सांगितलं. मग एकेका प्लगला मीटरची टोकं लावून तो मोठ्याने वाचत गेला.

पहिला, जळालेला. दुसरा, जळालेला. तिसरा, शून्य पूर्णांक आठ ओहम. चौथा, जळालेला.