दिवाणखान्यातली तळी

मी जात्याची खालची तळी बोलतेय. मध्यंतरी सांगलीच्या एका बंगल्यात मला टीपॉय म्हणत. कुणी कुठल्याही नावानं हाक मारावी. ओ द्यायची सवय मला आहेच.

पाथरवटानं मला आणि वरच्या तळीला एकाच काळ्या दगडातून घडवलं. आम्ही जणू सख्ख्या जावा. ती फिरायची, मी सोसायची. कुंडलला अंबूबाईंची चाळीस वर्षांची ज्वारी आमच्यातून गेली. मग गावात गिरणी आली आणि आम्ही गोठ्यात गेलो.

पंचाहत्तर साली अंबूबाईंचे चिरंजीव लालासाहेब यांनी सांगलीत बंगला बांधला. "जातं जपून ठेवतो," म्हणून आम्हाला तिकडं नेलं. सजावटीला पुण्याहून सबनीस आले. जुन्या-नव्याचा संगम ही त्यांची शैली. म्हणजे वस्तू ठेवायची आणि तिचं काम काढून घ्यायचं.

मला स्टीलचे पाय लावले, डोक्यावर काच ठेवली. वरच्या तळीचा खुंटा उपटून वजीर मिस्त्रीकडून तिला सिमेंटनं भिंतीत बसवलं आणि तिचं घड्याळ केलं. जन्मभर गरगर फिरलेली ती. आता तिच्या तोंडावर काटे फिरू लागले. खुंटा कचऱ्यात गेला. तो अंबूबाईंच्या नव्या सुनेनं, विजयमालानं, उचलून आपल्या ट्रंकेत ठेवला. का, ते कुणी विचारलं नाही. तिला तसं कुणी काहीच विचारत नसे.

सत्त्याहत्तरच्या वैशाखात लालासाहेबांच्या बहिणीचं, शालूचं लग्न निघालं. कुंडलहून आलेल्या अंबूबाई हळकुंडांची परात घेऊन, सवाष्णींसह पहिल्यांदाच दिवाणखान्यात आल्या.

"लाला, जातं कुठं हाय रं?"

लालासाहेबांनी आधी टीपॉयकडं बोट केलं, मग घड्याळाकडं.

"आगं बया! मग हळद किती वाजता दळायची, त्ये तरी सांगतंय का त्ये?"

"आई, दुकानात दळलेली मिळती की. लय झकास."

"घरच्या जात्याची हळद लागल्याबिगर माझी पोर मांडवात जायाची न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. सवाष्णी गालिच्याची नक्षी मोजू लागल्या.

तेवढ्यात विजयमालानं खुंटा आणून माझ्या काचेवर ठेवला. "वजीरभाईंना निरोप धाडलाय," ती हळूच म्हणाली. "छिन्नी घिऊन येत्यात."

वजीर आला. "सायेब, बसवताना इचारलं व्हतं, पुन्हा काढायची न्हाई न्हवं? तुमी म्हनला, कवाच न्हाई!" असं म्हणत त्यानं भिंत फोडली. माझेही पाय काढले. दोन वर्षांनी जाऊबाई माझ्यावर येऊन बसली. किती जड झाली होती!

ओव्या सुरू झाल्या, गालिचा पिवळा झाला, आणि नेमके सबनीस साताऱ्याच्या एका गिऱ्हाईक बाईंना आपली कलाकृती दाखवायला दारात उभे. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. बाई मात्र म्हणाल्या, "अय्या, किती जिवंत! आम्हाला अस्संच हवं."

"सगळं योजूनच केलंय," सबनीस म्हणाले.

शालू घरच्या हळदीनं पिवळी होऊन सासरी गेली. आम्ही दोघी आता स्वयंपाकघरात, विजयमालाच्या ताब्यात आहोत. भिंतीतल्या भगदाडाला सबनिसांनी सोनेरी चौकट बसवलीय. पाहुणे त्यापुढं उभे राहून माना डोलावतात.

माझी विनवणी एवढीच, की शोभेला काही ठेवायचंच असेल, तर भगदाड ठेवा. त्याला दुसरं काही काम नसतं.