काखेतल्या घड्या

टेलर मास्तरांनी बेतलेला सदरा अंगावर चढला की माणूस आपोआप ताठ चालायला लागायचा, पण माप देताना त्याच माणसाचं नाक मुरडलेलं असायचं. छातीचं माप घ्यायचं तर टेप मागून पुढे आणायला दोन्ही हात उचलावेच लागतात, आणि मास्तरांनी हात उचलले की घामाचा असा भपकारा सुटायचा की गिऱ्हाईक श्वास रोखून छताकडे बघत राहायचं. बिचारे मास्तर! दोनदा आंघोळ, काखेत तुरटी, दुपारी बदलायला दुसरा सदरा, सगळं करून झालं होतं. शेवटी प्रत्येक सदऱ्याच्या आत, काखेत, सुती कापडाच्या चारपदरी घड्या टाचून ते घालत. त्याही दुपारपर्यंत ओल्याचिंब व्हायच्या.

या वासाची वाट बघणारं जगात एकच माणूस होतं, त्यांची आई. तिची नजर गेली होती आणि कानांना सगळे आवाज सारखेच वाटत. संध्याकाळी मास्तर तिच्या खोलीच्या दारात आले की ती मान वर करून हुंगायची, "आलास?" म्हणायची, आणि मगच घास घ्यायची.

"आईंच्या नाकाला सुख, माझ्या नाकाला शिक्षा!" बायको चिडवायची.

डॉक्टरांनी झोपताना कोरड्या काखेत लावायचं औषध दिलं. घाम कमी होईल, पार थांबणार नाही, असं ते म्हणाले होते. आठव्या दिवशी तो पार थांबला. गिऱ्हाईक मास्तरांच्या तोंडाकडे बघून बोलायला लागलं, आणि त्या संध्याकाळी मास्तर शीळ घालत घरी आले.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"मी, आई."

"सगळे मीच म्हणतात. माझा मुलगा येऊ दे, मग जेवते."

दोन दिवस तिने घास घेतला नाही. मास्तरांनी औषध फेकून दिलं, भर उन्हात स्वेटर घालून जिने चढले-उतरले, पण घामाचा टिपूस येईना. शेवटी त्यांना एक सुचलं. धुवायचा राहिलेला जुना सदरा त्यांनी आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर अडकवला. आई जेवली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "दुपारी येऊन गेलात, मला हाक तरी मारायची! आई खूश आहेत. तुम्ही भरवलंत म्हणे."

"मी तर दुकानातच होतो."

सदऱ्याच्या घड्या एव्हाना वाळून कडक व्हायला हव्या होत्या. मास्तरांनी बोट लावलं. ओल्या होत्या. त्यांनी सदरा धुतला, उन्हात खडखडीत वाळवला आणि परत अडकवला. दुसऱ्या संध्याकाळी घड्या पुन्हा ओल्या, आणि कोमट. भीतीने बोबडी वळायची, तर मास्तरांना तिथे हात जोडावेसे वाटले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या दुपारी दुकान बंद करून ते घरी आले आणि आईच्या दारात थबकले. आई चवीने घास चावत होती, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून हसत होती. खुर्चीच्या पाठीवर सदरा होता आणि त्याच्या काखांतला ओलावा बघता बघता बाह्यांकडे पसरत होता. इतक्या सुखात आई मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"दारात कोणी आहे वाटतं," आई खुर्चीला म्हणाली. "बघ रे जरा."

ते मात्र मास्तरांना सोसवेना. पुढे होऊन त्यांनी अंगातला सदरा उतरवला, खुर्चीवरचा चढवला आणि खुर्चीत बसले. त्यांच्या कोरड्या काखांना कोमट घड्या चिकटल्या. आईने चाचपडत त्यांचा हात धरला आणि खांद्याशी नाक टेकवलं. त्या स्पर्शाची त्यांना किती भूक लागली होती! मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"असाच बस," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो दारात उभा होता, तो गेला का रे? रोज संध्याकाळी यायचा बिचारा."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं.

"गेला, आई," ते म्हणाले.